घाटात पाय का भरतात?

माऊली, पुण्याहून सासवडला निघतो त्या दिवशी बहुधा एकादशी असते, आणि पुढं दिवेघाट. पाय भरले की आपण म्हणतो, ॲसिड साठलं. बिचाऱ्या लॅक्टिक ॲसिडचा दोष फारसा नाही. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटलं तरच तंतू आखडतो, पाऊल उचलतं. पेशीत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आटलं की कॅल्शियम कमी सुटतं. मन पुढं, पाय मागं! म्हणून निर्जळी करून घाट चढू नका. वडकीच्या विसाव्याला केळं, राजगिऱ्याचा लाडू खा. उपास मोडत नाही त्यानं. पाणीही प्या. दुखण्याची गोळी घेऊन चाल रेटू नका. गोळीनं साखर भरत नाही, अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाला मात्र धोका. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक डॉक्टर गाठा.