अर्धी गोळी आणि जमाखर्चाची वही
(मंदिराच्या ज्येष्ठ मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात मी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांवर बोलतो. यंदा विश्वस्तांनी घरखर्च, कर्ज आणि निवृत्ती यांवर बोला असं सांगितलं, तेव्हा एका काकांनी विचारलं, "डॉक्टरांचा आणि बजेटचा काय संबंध?" संबंध आहे. न्यू जर्सीत मी इतकी वर्षं रुग्ण तपासले. औषध चालू असूनही ज्यांचा रक्तदाब उतरत नाही असे रुग्ण यायचे. अशा वेळी डोस वाढवायचा किंवा दुसरी गोळी जोडायची, असं आम्हाला शिकवलेलं. पण "घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा" असं सांगितलं की खरी गोष्ट कळायची. महिन्याची बाटली दोन महिने पुरवलेली असायची. गोळी सुरीने अर्धी करून घ्यायची, किंवा एक दिवसाआड.

ही माणसं दिसायला गरीब नव्हती. स्वतःचं घर, दारात दोन गाड्या, मुलं चांगल्या नोकरीत. फक्त महिनाअखेर हातात काही उरत नव्हतं, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. कर्जाच्या बाबतीत मात्र ही म्हण फार महागात पडते. मूठ झाकलेली असते तेव्हा आत व्याज वाढतच असतं.

तर आधी वही. आपल्या आयांकडे वाणसामानाची वही असायची. दूधवाला, पेपरवाला, किराणा, सगळं त्यात. इथे कार्ड आलं आणि वही गेली. कार्डाने पैसे देताना हाताला काही जाणवत नाही. संगणकावर जमत असेल तर तिथे करा, पण मला साधी रेघांची वहीच बरी वाटते, कारण ती टेबलावर दोघांना दिसते. गेल्या तीन महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट घ्या, दुपारच्या चहाला दोघांनी बसा आणि प्रत्येक ओळ वाचा. दर महिन्याला पैसे जातात पण कोणी वापरत नाही, अशा दोन-तीन वर्गण्या बहुतेक घरांत सापडतात.

पण बजेट कोलमडतं ते किराण्यामुळे नव्हे. ओक ट्री रोडवर भाजी जरा महाग मिळाली म्हणून कोणी कर्जात गेलेलं मी पाहिलं नाही. कोलमडतं ते वर्षातून एक-दोनदा किंवा तिमाहीला येणाऱ्या खर्चांमुळे. आपल्या राज्यात प्रॉपर्टी टॅक्स फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये भरावा लागतो, आणि सरासरी घराचा टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे मॉर्गेज फिटलं तरी महिन्याला आठशेहून अधिक डॉलर "भाडं" चालूच. त्यात घराचा आणि गाडीचा विमा, भारताची तिकिटं, भाचीच्या लग्नाचा आहेर, छताची दुरुस्ती. हे सगळं वर्षाचं एकत्र मांडा, बाराने भागा, आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. तिकिटं कधी काढायची हे आपल्याला सहा महिने आधी माहीत असतं. मग त्याला अचानक आलेला खर्च का म्हणायचं?

टॅक्सवरून आठवलं. पासष्टच्या पुढच्या घरमालकांसाठी आपल्या राज्यात 'सीनियर फ्रीझ' आहे, 'अँकर' आहे. उत्पन्नाच्या अटी आहेत, अर्ज करावा लागतो. "सरकारी मदत नको, आपण काय गरीब आहोत?" असं म्हणून अर्ज न करणारे लोक या सभागृहात बसलेले आहेत. अहो, तो तुम्हीच भरलेल्या टॅक्सचा भाग आहे.

आता कर्ज. सगळं कर्ज सारखं नसतं, जसा सगळा ताप सारखा नसतो. तीन-चार टक्क्यांचं मॉर्गेज असेल तर मला त्याची चिंता नाही. क्रेडिट कार्डाची बाकी मात्र घाई करण्याचं प्रकरण. हिशेब ऐका. कार्डावर 8,000 डॉलर बाकी आहे, व्याज 24 टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज झालं 160 डॉलर. बऱ्याच कार्डांवर कमीत कमी हप्ता म्हणजे व्याज अधिक एक टक्का, म्हणजे 240. तुम्ही 240 भरलेत, त्यातले फक्त 80 कर्जात गेले. पुढच्या महिन्यात हप्ता थोडा कमी होतो आणि आपल्याला बरं वाटतं. तिथेच फसगत आहे. त्याऐवजी दर महिन्याला ठरवून 314 डॉलर भरले आणि कार्ड वापरणं थांबवलं, तर तीन वर्षांत कर्ज संपतं. फरक महिन्याला 74 डॉलरचा. हे मी मनाने सांगत नाही. 2009 च्या कायद्यापासून प्रत्येक स्टेटमेंटवर एक चौकट छापावीच लागते. फक्त कमीत कमी हप्ता भरला तर किती वर्षं लागतील आणि तीन वर्षांत फेडायचं तर किती भरावं लागेल, दोन्ही आकडे त्यात असतात. घरी गेल्यावर ती चौकट शोधा.

एकापेक्षा जास्त कार्डं असतील तर सगळ्यांवर कमीत कमी हप्ता, आणि वरचा प्रत्येक डॉलर सगळ्यात जास्त व्याजाच्या कार्डावर. काही जण सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवतात, हुरूप येतो म्हणून. त्यालाही माझी ना नाही. हुरूप हेही औषध आहे. फक्त निवृत्तीच्या खात्यातून मोठी रक्कम काढून एकदम कर्ज फेडण्याआधी टॅक्सच्या जाणकाराला विचारा. साध्या 401-के मधून काढलेली रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्न वाढलं की दोन वर्षांनी मेडिकेअरचा हप्ताही वाढू शकतो.

आणि एक नाजूक गोष्ट. नातवाच्या शिक्षणाच्या कर्जावर किंवा पुतण्याच्या गाडीच्या कर्जावर सही. "आजोबा, नुसती सही हवी आहे." ती नुसती सही नसते. त्याने हप्ता चुकवला तर बँक तुमच्याकडे येते, पूर्ण रकमेसाठी. सत्तरीत नवं कर्ज अंगावर घेऊ नका. प्रेमाने सांगा, "माझ्याकडून अमुक इतके डॉलर घे, पण सही मागू नकोस." काही आज्या घाबरलेल्या असतात की कार्डवाले सोशल सिक्युरिटीचा चेक ओढून नेतील. खासगी कंपनीला तसं करता येत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे. सरकारी देणी, म्हणजे थकलेला फेडरल टॅक्स वगैरे, यांचं वेगळं.

सोशल सिक्युरिटी कधी सुरू करायची? ज्यांचा जन्म 1960 किंवा त्यानंतरचा, त्यांचं पूर्ण वय 67. त्या वयाला 1,000 डॉलर मिळणार असतील तर बासष्टीला 700 मिळतात, आणि सत्तरीपर्यंत थांबलात तर 1,240. प्रकृती कशी आहे, हाताशी दुसरं काही आहे का, यावर ठरवा. पण पुरुषांनी एक गोष्ट नीट ऐकावी. आपल्या पिढीत बऱ्याच घरांत नवऱ्याचा चेक मोठा आणि बायकोचा छोटा, कारण ती मुलांसाठी घरी राहिली. नवरा गेला की दोन चेक उरत नाहीत. साधारणपणे मोठा राहतो, छोटा बंद होतो. टॅक्स तेवढाच, हीटिंग तेवढंच, पण उत्पन्न कमी. नवरा थांबला असेल तर मागे राहणाऱ्या बायकोला मोठा चेक मिळतो. म्हणून वहीच्या मागच्या पानावर एकट्या माणसाचं बजेटही मांडून ठेवा. अशुभ वगैरे काही नाही त्यात. आणि खाती कुठे आहेत, पासवर्ड कुठे लिहिलेत, हे काकूंनाही माहीत असू द्या. नवरा अतिदक्षता विभागात असताना हीटिंगचं बिल कुठून भरायचं हे ठाऊक नसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

ज्यांनी आई-वडिलांना उतारवयात इकडे आणलं, त्यांनी लक्षात ठेवा: सोशल सिक्युरिटीला 40 क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. ती नसेल तर त्यांचा औषधपाण्याचा खर्च तुमच्या वहीत येणार आहे.

मेडिकेअर. पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची मुदत. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या चालू नोकरीचा विमा नसेल आणि मुदत चुकली, तर भाग-बीच्या हप्त्यावर प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड, आणि तो कायमचा. नोकरी सुटल्यावर मिळणारा कोब्रा विमा चालू नोकरीचा धरत नाहीत, इथे पुष्कळ जण अडकतात. दात, चष्मा, कानाचं यंत्र, घरी रोजच्या सोबतीला ठेवलेली बाई, हे मूळ मेडिकेअर सहसा देत नाही. भारतात तर जवळपास काहीच देत नाही. थंडीचे तीन महिने पुण्यात काढणाऱ्यांनी प्रवासाचा विमा तिकिटाच्याच खर्चात धरावा.

पुण्यातल्या बंद फ्लॅटबद्दलही बोलतो, थोडक्यात. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा कर, गळणारी टाकी, आणि वर्षातले तीन आठवडे मुक्काम. मन गुंतलेलं असतं, मान्य. पण तो वहीत लिहा. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल तर ते इथल्या सरकारला दरवर्षी कळवावं लागतं. मुदत ठेवीचं व्याज तिथे करमुक्त असलं तरी इथे नाही.

आता ज्या अर्ध्या गोळीने सुरुवात केली तिच्याबद्दल. औषध परवडत नसेल तर डॉक्टरला सांगा. आम्हाला राग येत नाही. स्वस्त जेनेरिक बहुतेक वेळा सापडतं. मेडिकेअरच्या भाग-डीमध्ये 2025 पासून योजनेतल्या औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला वार्षिक मर्यादा आली, त्या वर्षी ती 2,000 डॉलर होती, आणि तो खर्च महिन्यांत विभागून भरता येतो. आपल्या राज्यात 'पाड' नावाची योजना आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांना जेनेरिक औषध पाच डॉलरला आणि ब्रँडचं सात डॉलरला मिळतं. हॉस्पिटलचं मोठं बिल आलं तर ते घाईने क्रेडिट कार्डावर टाकू नका. तसं केलंत की ते हॉस्पिटलचं राहत नाही, चोवीस टक्क्यांचं होतं. आधी तपशीलवार बिल मागा आणि एकेक ओळ बघा. विना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवस अर्ज स्वीकारावा लागतो. शिवाय न्यू जर्सीत 'चॅरिटी केअर' आहे. बिलिंगच्या खिडकीवर हे शब्द उच्चारायला लाजू नका.

हे अर्ज भरायला मदत हवी असेल तर दर रविवारी आरतीनंतर मागच्या खोलीत दोन स्वयंसेवक बसतात. मीही असतो. स्टेटमेंट, औषधांच्या बाटल्या आणि आलेली पत्रं पिशवीत घालून आणा, न उघडलेली पाकिटंसुद्धा. नाव फलकावर लागत नाही, पत्रिकेत छापलं जात नाही.

मंदिराच्या मदतनिधीतून औषधाचं, हीटिंगचं किंवा विम्याच्या एखाद्या हप्त्याचं बिल थेट भरलं जातं; रोख दिली जात नाही. हिवाळा जवळ आला की मागणी वाढते, त्यामुळे ज्यांना शक्य आहे त्यांनी चेकवर 'मदतनिधी' असं लिहून कार्यालयात द्यावा. मात्र ज्यांच्या क्रेडिट कार्डावर बाकी आहे, त्यांनी या वर्षी देणगी देऊ नये. त्यांनी ते पैसे आधी कार्डावर भरावेत आणि रविवारी प्रसादाला यावं.