महाविद्यालयातील पहिले बीजगणित

(लोणी, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाण्याविषयी, रस्त्याविषयी बोलणारे वक्ते आपल्याकडे पुष्कळ येतात. बीजगणितासाठी ग्रामपंचायतीला बसवून घेणे काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु येथून दहावी होऊन अवसरीच्या तंत्रनिकेतनात किंवा मंचरच्या महाविद्यालयात जाणारी मुले पहिल्या वर्षी जेथे अडखळतात, त्या जागांपैकी ही एक मोठी जागा आहे. एक विषय राहिला की पुढील वर्षाचे शुल्क, एस.टी.चा पास आणि घरच्यांची संमती हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. मुलीच्या बाबतीत तर तिसऱ्या प्रश्नाचा निकाल पुष्कळदा पहिल्या दोहोंआधीच लागतो. तेव्हा हा विषय केवळ गणिताच्या शिक्षकांवर सोपवून भागणार नाही.

महाविद्यालयातील प्राध्यापक म्हणतात, 'पाया कच्चा आहे.' माध्यमिक शिक्षक तेच वाक्य प्राथमिक शाळेकडे बोट दाखवून म्हणतात. प्राथमिक शिक्षकाला पुढे बोट दाखविण्यास घराखेरीज काही उरत नाही! एवढ्याने निदान होत नाही. नेमके काय कच्चे आहे, ते सांगता आले पाहिजे. आणि माझ्या मते त्या जागा मोजक्याच आहेत.

अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे अ-वर्ग अधिक ब-वर्ग, असे विद्यार्थी बेधडक लिहितो. त्यास अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ घेण्यास सांगावे. बेरजेचा वर्ग ४९ येतो. वर्गांची बेरीज २५ येते. दुसरी जागा अपूर्णांकांची. (क्ष + ६) ला क्ष ने भागताना तो वरचा व खालचा क्ष खोडून ६ उत्तर देतो. क्ष च्या जागी २ ठेवले तर उत्तर ४ येते. तिसरी जागा अधिक सूक्ष्म आहे. क्ष चा वर्ग ५क्ष च्या बरोबर आहे, असे दिले की दोन्ही बाजूंस क्ष ने भागून तो ५ हे उत्तर काढतो. शून्य हेही उत्तर होते, ते भागाकारात हरवले.

या सर्व चुकांचे मूळ एकच आहे. अक्षर हे संख्येचे नाव आहे, हे मनात उतरलेले नाही. अक्षरे ही हलवाहलव करण्याची चिन्हे आहेत, अशा समजुतीने मूल दहावी पार करते. कारण ठरावीक नमुन्याच्या उदाहरणांत तेवढ्याने भागते. पदविकेच्या पहिल्या सत्रात आंशिक अपूर्णांक समोर आले की ते भागेनासे होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात संख्यांना 'यावत्-तावत्' आणि काळा, निळा, पिवळा अशा रंगांची नावे आहेत. यावत्-तावत् म्हणजे 'जेवढे तेवढे'. इतका सरळ अर्थ क्ष मध्ये विद्यार्थ्यास दिसला, तर निम्मे काम झाले.

महाविद्यालयात शाळेचे बीजगणित पुन्हा शिकविणे कमीपणाचे आहे, अशी एक समजूत आहे. तिला उत्तर म्हणून मी प्रा. श्रीराम अभ्यंकर यांचे नाव घेईन. १९३० मध्ये उज्जैन येथे जन्मलेल्या या मराठी गणितज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी. केली, पुढे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी बीजगणिताचे शालेय, महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय असे तीन थर मांडले आणि बहुपदींशी प्रत्यक्ष झटापट करणाऱ्या शालेय बीजगणिताची बाजू हिरिरीने घेतली. २०१२ मध्ये ते निवर्तले. जगन्मान्य गणितज्ञास जे हलके वाटले नाही, ते आपल्या महाविद्यालयांस वाटण्याचे कारण नाही.

आता उदाहरण जवळचेच घेऊ. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. काही खोडदला एकत्र आहेत, उरलेल्या तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. आकाशाचे चित्र तयार करण्यासाठी दोन-दोन तबकड्यांच्या संकेतांचा मेळ घातला जातो. अशा जोड्या किती? प्रत्येक तबकडीला २९ सोबती. ३० गुणिले २९ म्हणजे ८७०. मात्र यात प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली, म्हणून निम्मे, ४३५. तबकड्यांची संख्या न मानली, तर न गुणिले (न − १), भागिले २. एवढे अंकगणितातून आपोआप आले.

आता प्रश्न उलटा करू. जोड्या ४३५ असतील, तर तबकड्या किती? न-वर्ग उणे न बरोबर ८७०. येथे विद्यार्थी पाठ केलेले सूत्र आठवू लागतो. श्रीधराचार्यांची रीत, जी भास्कराचार्यांनी उद्धृत केली आहे, ती सूत्रावाचून पुढे नेते. दोन्ही बाजूंस ४ ने गुणा, मग १ मिळवा. डावीकडे (२न − १) चा पूर्ण वर्ग होतो, उजवीकडे ३४८१, म्हणजे ५९ चा वर्ग. म्हणून २न − १ हे ५९ किंवा उणे ५९. न हा ३० किंवा उणे २९. उणे २९ तबकड्या खोडदला उभ्या करता येत नाहीत, म्हणून ते उत्तर सोडावयाचे. भास्कराचार्यांच्या वानरांच्या उदाहरणातही ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करावयाचे असल्याने दुसऱ्या उत्तरात १ मधून ३ जातात, आणि ते त्यांनी वगळले आहे. उत्तर आल्यावर ते समोर ठेवून असे तपासण्याची सवय मुलांना लागत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

घरच्या व्यवहारातही हेच आहे. समजा, मंचरच्या बाजारात कांदा नेण्यास पूर्ण टेम्पोचे २४०० रुपये पडतात आणि सामाईक टेम्पोत गोणीमागे ६० रुपये. किती गोण्यांपुढे पूर्ण टेम्पो परवडेल? ६०क्ष बरोबर २४००, ४० गोण्या. शेतकरी हे तोंडी करतो. त्याचा मुलगा तेच कागदावर मांडताना गोंधळतो. बापाचा हिशेब आणि मुलाचे समीकरण एकच आहे, हे त्याला वर्गात कोणी दाखविलेले नसते.

करावयाचे काम लहान आहे. दहावीच्या निकालानंतर प्रवेश पूर्ण होईपर्यंत काही आठवडे मुले मोकळी असतात. त्या काळात ग्रामपंचायतीने शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवावी, विजेचे बिल भरावे. गावातील पदवीधरांनी आणि शिक्षकांनी पाळी लावून बसावे. नवा अभ्यासक्रम आधीच सुरू करण्याचा मोह टाळावा. ऋण चिन्ह, अपूर्णांक, कंस आणि समीकरण एवढेच घ्यावे, आणि मराठीतून घ्यावे. इंग्रजी संज्ञा शेजारी लिहून द्याव्यात, कारण पुढे त्यांची गरज पडणार आहे. पहिल्या दिवशी २० प्रश्नांची एक चाचणी घ्यावी, तिला गुण देऊ नयेत. कोणत्या प्रश्नात किती मुले कशी चुकली, याचा तक्ता करून त्याची एक प्रत माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि एक महाविद्यालयातील गणित विभागाकडे पाठवावी.