माहेरचा नंबर, सासरचा नंबर

दहा मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा थेट विषयालाच हात घालते.

तालुका न्यायालयात मी ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं नक्कल विभागात गेली. दारू पिऊन गाडी चालवू नये हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या कागदाबद्दल. पिऊन गाडी चालवणारा पकडला जातो, गुन्हा नोंदवला जातो, खटला उभा राहतो, आणि मग तो कागद शोधत माणसं आमच्या खिडकीशी येतात. कुणाचा कर्ता मुलगा गेलेला असतो, कुणाला भरपाईचा दावा लावायचा असतो, कुणाला नव्या ड्रायव्हरची माहिती काढायची असते. त्यांना आरोपीचं नाव माहीत असतं, तारीख तोंडपाठ असते, गाडीचा रंगसुद्धा ठाऊक असतो. नंबर तेवढा नसतो. असला तर दुसऱ्याच घरचा असतो.

दुसऱ्या घरचा म्हणजे काय, ते सांगते. आमच्या वेळी लग्नात मुलीचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीनं नवं नाव लिहायचे. माझंही तसं बदललं. लग्नानंतर महिन्याभरात माझा मामा मला भेटायला सासरच्या गावी आला आणि पाराजवळ माझं माहेरचं नाव घेऊन विचारत राहिला. कुणालाच सांगता येईना. मी दोन गल्ल्या पलीकडे दळण निवडत बसले होते. गावानं काही त्याला फसवलं नाही. त्या नावाची बाई गावात नव्हतीच.

गुन्ह्याचं अगदी असंच असतं. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला की त्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. आपण त्याला गु.र.नं. म्हणतो. हे त्याचं माहेरचं नाव. तपास होऊन दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झालं की तिथं त्याला नवा नंबर मिळतो. साधं प्रकरण असेल तर एस.सी.सी., मोठं असेल तर आर.सी.सी., पुढे क्रमांक आणि वर्ष. हे सासरचं नाव. आता तुम्ही कोर्टाच्या खिडकीशी येऊन गु.र.नं. सांगता, आणि कारकून म्हणतो, असा खटला नाही. तुम्हाला वाटतं, दडपून ठेवलं. तुमचा कागद मात्र दोन कपाटं पलीकडे ठेवलेला असतो.

म्हणून माझं एकच मागणं आहे. पोलीस ठाण्याचं नाव, गु.र.नं. आणि वर्ष, एवढं पहिल्या दिवशी वहीत लिहून घ्या. मोबाइलात फोटो काढलात तरी वहीत लिहाच. फिर्याद तुम्ही दिली असेल, तर तिची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. तो तुमचा हक्क आहे. ती न घेता घरी येऊ नका. घरात मयत असताना कागद कुठून सुचणार, हे मला कळतं. पण मग शेजाऱ्यानं लिहावं, भावकीतल्या शिकल्यासवरल्या पोरानं लिहावं. बारा दिवस सगळा गाव दारात बसून असतो, त्यातल्या एकानं तरी लिहावं.

फिर्याद तुमची नसेल तरी मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की प्रथम खबर नोंदवल्यापासून २४ तासांत ती संकेतस्थळावर टाकावी. जिथं डोंगरामुळे नेटवर्कची अडचण आहे, तिथं जास्तीत जास्त ७२ तास. नाजूक गुन्हे त्यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली की खबर बघायला मिळते. मात्र ठाणं बरोबर पाहिजे.

ठाण्यावरूनच माणसं जास्त चुकतात. अकोले तालुक्याचं उदाहरण घ्या. अकोल्याचं ठाणं वेगळं, राजूरचं वेगळं. पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या बाजूला कुणी पिऊन गाडी घातली, तर कागद राजूरला तयार होतो. आरोपी नाशिकचा असला आणि जखमी संगमनेरचा असला, तरी त्यानं फरक पडत नाही. जिथं घडलं तिथल्या ठाण्यात गुन्हा, आणि त्या ठाण्याच्या हद्दीचं जे न्यायालय असेल तिथं खटला. माणूस मेला आणि सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, तर प्रकरण सत्र न्यायालयात जातं, आणि तिथं त्याला आणखी एक नंबर पडतो. म्हणजे तिसरं नाव झालं.

एका गावातले पालक माझ्याकडे आले होते. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीवर नवा ड्रायव्हर ठेवायचा होता, आणि त्याच्याबद्दल कानावर काही आलं होतं. त्यांनी आमच्या न्यायालयात सगळं बघितलं, काही नव्हतं. मी विचारलं, हा आधी गाडी कुठं चालवायचा? म्हणाले, शेजारच्या जिल्ह्यात, उसाच्या हंगामात. मग इथं काय मिळणार? माणूस राहतो तिथं कागद राहत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, तुम्हालाही दोनदा सांगते. माणूस राहतो तिथं कागद राहत नाही.

आता इंटरनेटवरच्या शोधाचं. ई-कोर्ट्सवर प्रथम खबरीच्या नंबरावरून खटला शोधता येतो. जिल्हा निवडायचा, न्यायालय निवडायचं, ठाणं निवडायचं, गु.र.नं. आणि वर्ष टाकायचं. म्हणजे माहेरचं नाव सांगून सासरचं घर सापडतं. पण तिथं एक खाचखळगा आहे. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे दोन पर्याय असतात. लोक प्रलंबित बघतात आणि सोडून देतात. पिऊन गाडी चालवण्याच्या साध्या खटल्यात आरोपी पुष्कळदा पहिल्या तारखेलाच गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, आणि खटला त्याच दिवशी निकाली निघतो. तो प्रलंबितात सापडेल कसा? दोन्हीकडे बघा. नावावरून शोधत असाल तर इंग्रजी अक्षरं बदलून बदलून बघा. एकट्या ज्ञानेश्वराची स्पेलिंगं मी चार तऱ्हेची पाहिली आहेत.

खटला सापडला की सी.एन.आर. नंबर उतरवून घ्या. १६ अक्षरं-अंकांचा असतो. सुरुवातीला एम एच, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, मग अंक, शेवटी वर्ष. पूर्वी बायकांच्या हातावर नाव गोंदवत, तसा तो त्या न्यायालयात खटल्याच्या अंगावर गोंदलेला असतो. तारखा पडोत, न्यायाधीश बदलोत, तो बदलत नाही.

नाकाबंदीत पकडलेल्याचा मात्र कधी कधी सरळ खटलाच पाठवतात. त्याला माहेरच नसतं म्हणा. तिथं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आणि तारीख धरून शोधावं लागतं. आणि ई-चलानच्या यादीत दंड दिसत नाही म्हणून काही झालंच नाही, असं समजू नका. कलम १८५ जागेवर पैसे भरून मिटत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की प्रकरण न्यायालयापुढे जातं. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही.

हे ‘पुन्हा’ कुणी सिद्ध करायचं? पहिल्या शिक्षेचा कागद पुढे आला तरच दुसरी खेप ही दुसरी ठरते. तो कागद दोन तालुके पलीकडच्या दप्तरात बांधलेला राहिला, तर तोच माणूस प्रत्येक न्यायालयात पहिल्यांदाच आल्यासारखा उभा राहतो. माझ्या डोळ्यांसमोर असं झालेलं आहे. त्याचा त्रास मला निवृत्तीनंतरही होतो, आणि म्हणून आज मी इथं बसले आहे.

याला दुसरी बाजू आहे, ती विसरू नका. पकडला म्हणजे दोषी ठरला, असं नाही. रोजनाम्याची शेवटची नोंद वाचल्याशिवाय कुणाचं नाव चावडीवर घेऊ नका. अटक किती वाजता झाली आणि वैद्यकीय तपासणी किती वाजता झाली, तेही बघा. अटकेपासून दोन तासांच्या आत तपासणी झाली नाही, तर त्या माणसाला सोडावं लागतं. आपल्याकडे रात्री ग्रामीण रुग्णालय गाठायलाच तास जातो, म्हणून या दोन वेळा फार… ते पुन्हा कधीतरी सविस्तर सांगेन, आता वेळ कमी आहे.

भरपाईचं सांगते, ते राहता कामा नये. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा लावायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे, १ एप्रिल २०२२ पासून. त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. ड्रायव्हर प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी हात वर करते, आणि लोक हबकून घरी परततात. परतू नका. आधी मृताच्या घरच्यांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा, असे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. वकिलाला त्याबद्दल विचारा.

एक ताई तीन मंगळवार आमच्याकडे येत होत्या. घाटात नवरा गेलेला, हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर गु.र.नं. बरोबर लिहिलेला. दोन मंगळवार त्यांना ‘असा खटला नाही’ एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या मंगळवारी मी त्यांना ठाण्याच्या कोर्ट पैरवीच्या हवालदाराकडे नेलं. या माणसाच्या वहीत एकाच ओळीत दोन्ही नंबर असतात. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाला दोन्ही घरची नावं ठाऊक असतात, तसा हा माणूस. पाच मिनिटांत खटला सापडला. त्या ताई पायरीवर बसून रडल्या. तीन मजुऱ्या बुडाल्या होत्या त्यांच्या. तालुक्याच्या कोर्टात गेलात की त्या हवालदाराला आधी भेटा.

समोरून खूण झाली. नक्कल अर्जाचं थोडक्यात: पक्षकार असाल तर कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्यायचा. तिऱ्हाईत असाल तर नक्कल कशासाठी हवी ते लिहून द्यावं लागतं, त्यावर न्यायाधीश हुकूम करतात. आणि ज्यांचं प्रकरण जुनं आहे त्यांनी हे नीट ऐका. किरकोळ खटल्यांची कागदपत्रं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. तुमचा गठ्ठा अजून रेकॉर्ड रूममध्ये असेल, तर याच आठवड्यात अर्ज द्या. सकाळी अकराच्या आत पोहोचा, बोर्ड सुरू झाला की कारकुनाला मान वर करायला फुरसत नसते. वही बरोबर न्या. ठाणं, गु.र.नं., वर्ष.