पियानोसाठी विमान

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पहिली स्त्री’ म्हणून ज्यांच्या गोष्टी आपण शिबिरांत सांगतो, त्यांची मला थोडी धास्तीच वाटते. गोष्ट संपते, टाळ्या पडतात आणि ऐकणारी बाई मनात म्हणते, ‘ती वेगळीच होती, आपलं काय!’ म्हणून कॅथरिन स्टिन्सनबद्दल बोलताना मी तिच्या धाडसाबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त बोलणार आहे.

कॅथरिन १८९१ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जन्मली. कापसाच्या शेतीवर जगणाऱ्या त्या दक्षिणेकडच्या मुलखातच ती वाढली. चार भावंडं, आणि घराचा भार मुख्यतः आईवर, एमावर. कॅथरिनला विमानाचं वेड वगैरे नव्हतं. तिला पियानो शिकायचा होता, त्यासाठी युरोपला जायचं होतं आणि मग संगीत शिकवून पोट भरायचं होतं. पण पैसा कुठून आणायचा? जत्रांमधून विमानाच्या कसरती करणाऱ्यांना दिवसाला हजार डॉलरपर्यंत मिळतात, असं तिच्या कानावर आलं. तिनं सरळ हिशेब केला. आधी विमान, मग पियानो.

विमान शिकायची फी भरण्यासाठी मात्र तिला पियानोच विकावा लागला. मंगळसूत्र गहाण टाकून शिलाई मशीन घेणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

शिकागोच्या मॅक्स लिली या शिक्षकानं आधी नकारच दिला. बाई, त्यातून वजन जेमतेम शंभर पौंड! ती चिकटून राहिली. २४ जुलै १९१२ ला तिला परवाना मिळाला. अमेरिकेत त्याआधी फक्त तीन बायकांना तो मिळाला होता. उडण्याआधी ती विमानाची प्रत्येक तार स्वतः पुसून तपासून घेई. कित्येक पुरुष वैमानिक त्या काळात अपघातात गेले, ही सावध बाई टिकली. १९१५ साली तिनं आकाशात कोलांटी घेतली, १९१६ च्या डिसेंबरात टोकियोत पंचवीस हजार लोक तिला पाहायला जमले, १९१७ साली सॅन डिएगोहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ६१० मैल ती न थांबता उडाली. तरी वर्तमानपत्रांसाठी ती ‘उडणारी शाळकरी मुलगी’च! एकविशी ओलांडलेली, घर चालवणारी बाई म्हटलं की तिकिटं खपत नसावीत.

मला मोलाची वाटते ती १९१३ ची घटना. आई आणि मुलीनं मिळून स्वतःची विमान कंपनी काढली. पुढे टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला या कुटुंबाची विमानशाळा उभी राहिली. धाकटी बहीण मार्जोरी तिथं शिकवायची आणि कॅनडाहून आलेले तरुण तिच्याकडून शिकून महायुद्धावर जायचे. म्हणजे बाईनं शिकवलेला पुरुष लढाईत विमान उडवू शकत होता. कॅथरिननं सैन्याकडे वैमानिक म्हणून अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. त्याच १९१७ साली रेडक्रॉससाठी मात्र तिनं विमान उडवत गावोगाव फिरून वीस लाख डॉलरची वचनं गोळा केली, तेव्हा तिचं बाईपण कुणाला आड आलं नाही. निधी गोळा करायला पुढे आणि पदं वाटताना मागे, हे आपल्या चळवळींतही काही अनोळखी नाही. आपल्या हवाई दलात लढाऊ विमान बायकांच्या हाती यायला २०१६ साल उजाडलं.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. कॅथरिन गोरी होती. तिच्याहून वर्षानं लहान असलेली बेसी कोलमन टेक्सासच्या कापसाच्या शेतांत वाढली, पण ती काळी. तिला अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेनं घेतलं नाही. फ्रेंच शिकून ती फ्रान्सला गेली, तेव्हा कुठे १९२१ साली तिला परवाना मिळाला. कॅथरिनला बाई म्हणून एक दार ठोठावावं लागलं, बेसीला दोन. आपण जातीबद्दल बोलतो तेव्हा हेच बोलत असतो.

कॅथरिन युरोपला गेली ती अखेर रुग्णवाहिका चालवायला. तिथून आजार घेऊन परतली, क्षयानं कित्येक वर्षं गेली आणि विमान सुटलं. पुढे सांता फे गावी तिनं घरांचे आराखडे केले, संसार केला. १९७७ साली ती वारली. ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तो पियानो तिच्या पोटापाण्याचा कधीच झाला नाही.

आमच्या भागातल्या एका बचत गटात एका बाईनं कर्ज मागितलं. कशाला? ‘पेटी घ्यायचीय. मला वाजवायला.’ आधी हशा पिकला. मग दोन बैठका वादात गेल्या. शेळीला कर्ज मिळतं, पेटीला का नाही? अखेर कर्ज मंजूर झालं. नोंदवहीत असल्या कारणाला रकाना नव्हता, म्हणून ‘घरगुती’ असं लिहिलं गेलं. तुमच्या गटांत अशी मागणी आली आहे का, आणि तुम्ही ती कुठल्या रकान्यात घातलीत, हे मला ऐकायचं आहे. चर्चेला तिथूनच सुरुवात करू या.