गिरणी बंद करावी की चालूच ठेवावी?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं मनोगत)



आमच्या गटाची तीन एचपीची पिठाची गिरणी आहे. उन्हाळ्यात बिल वाढलं आणि सगळ्यांनी बोट दाखवलं गिरणी चालवणाऱ्या ताईकडं. "गिऱ्हाईक गेलं की बंद करते, पुन्हा चालू करते. मोटर सुरू होताना लई वीज खाते!" ती बिचारी गट सोडायला निघाली. मी म्हटलं, भांडू नका, मोजू.

आपल्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर 3200 इंप लिहिलंय, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, तो बघा. बाकी दिवे, पंखे बंद केले. मोबाईलवर दिव्याचा व्हिडिओ काढला आणि सावकाश चालवून मोजला. मोटर वेग घेईपर्यंत चार सेकंद लागले, दिवा 24 वेळा लुकलुकला. मग गिरणी रिकामी फिरवली, एका मिनिटात 32 वेळा! थोडी विश्रांती देऊन तीनदा मोजलं, फरक किरकोळच.

म्हणजे सुरू होताना मोटर करंट कितीतरी पट ओढते हे खरं, पण काही सेकंदच. एकदा सुरू करणं म्हणजे पाऊण मिनिट रिकामी फिरवणं. दहा मिनिटं रिकामी फिरली तर 320, म्हणजे युनिटाचा दहावा हिस्सा. इतर जणींच्या पाळीत दिवसाला दीड तास गिरणी रिकामी फिरायची. महिन्याला 27 युनिट तिथंच गेले. दोष त्या ताईचा नव्हताच. बैठकीत सगळ्यांनी तिची माफी मागितली.

पण ताईंनो, दर दोन मिनिटांनी चालू-बंद करू नका, मोटर तापते. आम्ही ठरवलंय: पाच मिनिटांत गिऱ्हाईक येणार असेल तर चालू, नाहीतर बंद. दगड सैल करून, धान्य न टाकताच सुरू करायची. व्होल्टेज कमी असून मोटर नुसती घुमली, फिरली नाही, तर लगेच बंद करा, नाहीतर जळेल. मीटरला, वायरला मात्र हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं.

हिशोब वहीत लिहितो तसा विजेचाही लिहा. आधी मोजा, मग बोला.