भयाचे मूळ देहातही आहे



ज्युबिलीच्या मंगल दिवशी भयाविषयी बोलणे कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु पावसाने ओढ दिली म्हणजे मालेगावातील किती तरी शेतकरी आम्हांस म्हणतात, "फादर, रात्री ऊर धडधडतो, आमची श्रद्धाच उणी." भय हे पाप नव्हे.

मेंदूत न्यूरोपेप्टाइड नामक सूक्ष्म द्रव्ये असतात. १९८१ साली अमेरिकेत मेंढ्यांच्या मेंदूतून सीआरएफ हे द्रव्य शोधण्यात आले. संकटकाळी तेच देहास खडबडून जागे करिते. याउलट न्यूरोपेप्टाइड वाय भय शमविते. नागपूरच्या संशोधकांनी याविषयीचे प्रयोग २००५ साली प्रसिद्ध केले. अधिकच्या चिन्हासारख्या उंच वाटेवर उंदीर सोडला की तो भयाने भिंतींच्या आडच बसतो. मेंदूतील अमिग्डाला या भागी न्यूरोपेप्टाइड वाय घालताच तो उघड्यावर अधिक हिंडू लागला. अल्फा-एमएसएच या दुसऱ्या द्रव्याने उलट परिणाम झाला. त्या बिचाऱ्याच्या श्रद्धेचा येथे प्रश्नच नव्हता!

म्हणून ज्यांची झोप कित्येक आठवडे उडाली आहे, त्यांनी प्रार्थना अवश्य करावी, आणि वाशीमला डॉक्टरांकडेही जावे. भाड्याची अडचण असल्यास आम्हांस नि:संकोच सांगावे.