तेरा खासदार : १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीचा न घडलेला इतिहास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२० ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मतमोजणी झाली. पहिल्या पसंतीची मते मोजून झाली तेव्हा कोणीच निवडून आलेले नव्हते. वराहगिरी वेंकट गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मते पडली होती. विजयासाठी ४,१८,१६९ मते हवी होती. दुसऱ्या पसंतीची मते मिळवल्यावर गिरी ४,२०,०७७ वर गेले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. अंतर पडले १४,६५० मतांचे. एका खासदाराच्या मताचे मूल्य त्या वेळी ५७६ होते. म्हणजे गिरींच्या बाजूचे अवघे तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते, तरी निकाल फिरला असता.

हे तेरा खासदार फिरले असते तर देशाचे काय झाले असते, हा प्रश्न चळवळीत अधूनमधून विचारला जातो. त्याचे एक ठरीव उत्तरही दिले जाते : सिंडिकेट जिंकली असती, बँका भांडवलदारांच्याच हाती राहिल्या असत्या. आणीबाणीचा तुरुंगवास सोसून आलेल्यांपैकी काहीजण नेमके उलटे उत्तर देतात : रेड्डी राष्ट्रपती असते तर आणीबाणी आलीच नसती. दोन्ही उत्तरे तपासून पाहिली, तर दोन्ही लंगडी ठरतात.

प्रथम घटनाक्रम. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी अकस्मात निधन झाले. पदावर असताना दिवंगत झालेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती गिरी यांनी कारभार हाती घेतला. पण उपराष्ट्रपतीही पदावर नसेल तर राष्ट्रप्रमुखाचे काम कोणी पाहायचे, याची तरतूदच झालेली नव्हती. संसदेने घाईने कायदा करून ते काम सरन्यायाधीशांकडे दिले. गिरींनी २० जुलैला निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला पाच आठवडे राष्ट्रपती भवनात राहिले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन त्याच काळात दिल्लीला आले. त्यांचे स्वागत करण्यास एक न्यायमूर्ती उभे होते!

उमेदवार कोण, यावरून काँग्रेसमध्ये जे घडले ते सर्वपरिचित आहे. जुलैमध्ये बंगलोर येथे पक्षाच्या संसदीय मंडळात इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचे नाव पुढे केले. मंडळाने लोकसभेचे सभापती रेड्डी यांना पसंती दिली. यशवंतराव चव्हाणांचे मत रेड्डींच्या बाजूने पडले, फक्रुद्दीन अली अहमद यांचे पंतप्रधानांच्या बाजूने. त्यानंतर काही दिवसांतच मोरारजी देसाईंचे अर्थखाते काढून घेण्यात आले आणि १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर स्वतः सही करणाऱ्या पंतप्रधानांनी पुढे खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजानुसार मत देण्याचे आवाहन केले. अंतरात्मा इतक्या शिस्तीने एकाच बाजूला बोलल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी माणसाला या निवडणुकीत एक वेगळीच गोष्ट सलते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या लढतीत उभे होते ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर. दुसऱ्या पसंतीची मते मिळवताना रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ मतांची भर पडली, गिरींच्या पारड्यात १८,५६२ ची. देशमुखांचे मतदार रेड्डींकडे जावेत म्हणून काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी त्या दोन पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली होती, आणि तीच बोलणी रेड्डींच्या विरोधातले सर्वांत मोठे हत्यार ठरली. जेवढी मते त्या बोलण्यांनी मिळवली, तेवढीच कदाचित घालवलीही.

आता समजा, रेड्डी निवडून आले. बँकांचे काय झाले असते? काहीही नाही. मूळ वटहुकमावर सही गिरींची होती, पण त्याची जागा घेणाऱ्या कायद्याला संमती दिली ती हिदायतुल्ला यांनी, ९ ऑगस्टला. मतदान १६ ऑगस्टचे. सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा रद्द केला आणि चार दिवसांत नवा वटहुकूम निघाला. तेथे रेड्डी फार तर काही दिवस अडून बसले असते. संसदेत बहुमत असलेल्या निर्णयाला राष्ट्रपती कायमचा अडवू शकत नाही. राष्ट्रीयीकरणाचे श्रेय गिरींच्या विजयाला देणारे कार्यकर्ते तारखा विसरतात.

संस्थानिकांच्या तनख्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. घटनादुरुस्ती राज्यसभेत अगदी थोडक्यात हुकल्यावर ६ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. असा आदेश काढण्यापूर्वी रेड्डींनी कायद्याचा सल्ला मागितला असता, हे संभवनीय आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबरला तो आदेश रद्दच केला आणि तनखे अखेर १९७१ च्या घटनादुरुस्तीनेच गेले.

खरा फाटा फुटतो तो त्यानंतर बारा दिवसांनी. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगल्यापासून इंदिरा गांधींचे सरकार अल्पमतात होते आणि कम्युनिस्ट, द्रमुक यांच्या आधारावर तगले होते. २७ डिसेंबर १९७० रोजी या सरकारने लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला दिला आणि गिरींनी तो मान्य केला. अल्पमतातील पंतप्रधानाचा असा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक असतो काय, याविषयी त्या वेळी घटनेत स्पष्ट शब्द नव्हते. रेड्डी तेथे असते तर त्यांनी म्हटले असते : लोकसभेची मुदत १९७२ पर्यंत आहे, आधी सभागृहात बहुमत सिद्ध करा. तसे झाले असते तर 'गरिबी हटाव'ची मध्यावधी निवडणूक टळली असती. रायबरेलीत १९७१ साली राजनारायण यांचा पराभव झाला नसता, त्यांची निवडणूक याचिका झाली नसती आणि १२ जून १९७५ चा अलाहाबादचा निकालही लागला नसता. साखळीची एक कडी काढली की पुढच्या सगळ्या गळून पडतात.

परंतु ही साखळी येथेच सोडून आनंद मानणे बरोबर नाही. त्या सभागृहात पर्यायी सरकार कोण बनवणार होते? संघटना काँग्रेस, स्वतंत्र, जनसंघ आणि संयुक्त समाजवादी पक्ष. म्हणजे १९७१ च्या निवडणुकीत बडी आघाडी म्हणून उतरलेलीच मंडळी. तनखे रद्द करण्याच्या बाजूचे आणि संस्थानिकांना सांभाळणारे एकाच मंत्रिमंडळात बसले असते. मतदारांनी त्या आघाडीबद्दल दिलेला निवाडा उपलब्ध आहे : काँग्रेसला ३५२ जागा, आणि १९६७ साली २३ खासदार निवडून आणणारा संयुक्त समाजवादी पक्ष ३ वर. हे आकडे अभ्यासवर्गात सहसा वाचले जात नाहीत. शिवाय निवडणूक १९७२ मध्ये झाली असती, तर ती बांगलादेश युद्धानंतर लगेच झाली असती. इंदिरा गांधी तोवर पंतप्रधानपदी टिकल्या असत्या, तर त्या लाटेत विरोधकांचे याहून बरे झाले असते असे कोण म्हणेल?

आणीबाणीविषयीचा तर्क तर पंचांगापुढेच टिकत नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्रपतीची मुदत ऑगस्ट १९७४ मध्ये संपते. जून १९७५ मध्ये रेड्डी राष्ट्रपती भवनात असण्यासाठी ते पुन्हा निवडून यायला हवे होते. १९७४ च्या प्रत्यक्ष निवडणुकीत विरोधी पक्षांचे त्रिदिव चौधरी यांना १,८९,१९६ मते मिळाली, फक्रुद्दीन अली अहमद यांना ७,६५,५८७. तेथे तेरा खासदारांचा हिशेब लागू पडत नव्हता. २५ जूनच्या रात्री मंत्रिमंडळाची बैठक न घेताच पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपतींकडे गेले आणि सही झाली. मंत्र्यांना कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. त्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मंत्रिमंडळाचा ठराव मागितला असता काय? कदाचित. पण ठराव मागितला असता तर तो मिळालाही असता, कारण सकाळच्या बैठकीत मंत्रिमंडळाने त्या निर्णयाला मान्यता दिलीच. मिळाले असते ते काही तासांचे अंतर. तेवढ्या तासांत किती कार्यकर्ते पोलिसांच्या हाती न लागता निसटले असते, हे त्या रात्री पकडले गेलेल्यांनाच ठाऊक.

जनता सरकारने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतीने आणीबाणी जाहीर करू नये, अशी तरतूद केली. मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकारही त्याच दुरुस्तीने दिला. राष्ट्रपती कोण असावा यावर १९६९ साली जेवढी शक्ती खर्च झाली, तिचा एक अंश जरी या दोन कलमांवर आधी खर्च झाला असता!

आणि रेड्डी राष्ट्रपती झाले असते तर कसे वागले असते, हा प्रश्न सर्वस्वी काल्पनिक नाही. अहमद यांचे ११ फेब्रुवारी १९७७ रोजी पदावर असतानाच निधन झाले, आणि पराभवानंतर अनंतपूरला शेतीत रमलेले रेड्डी जुलैमध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. दोन वर्षांनी मोरारजींचे सरकार कोसळले. राष्ट्रपतींनी प्रथम यशवंतराव चव्हाणांना पाचारण केले. त्यांना जमले नाही. मग चरणसिंग आले, आणि लोकसभेला एकदाही सामोरे न जाता २० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांनी राजीनामा दिला. जनता पक्षाचे नेते या वेळी जगजीवन राम होते. आपल्याला संधी मिळावी, असा त्यांचा दावा होता. रेड्डींनी त्यांना बोलावले नाही. सभागृहाचा विश्वास कधीही न मिळवलेल्या पंतप्रधानाचा सल्ला मान्य करून २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. बंगलोरच्या बैठकीत समोरासमोर आलेली दोन नावे दहा वर्षांनी पुन्हा समोरासमोर आली होती. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधी परत आल्या.